नाव एका पिल्लाचे, हाक आयुष्यभराची

घरात कुत्र्याचे पिल्लू येते, तेव्हा त्याचे अंथरूण कोठे घालावे किंवा त्याला वाडगे कोणते द्यावे यावर फारशी चर्चा होत नाही. चर्चा रंगते ती नावावर. नातवंडांना चित्रपटातला 'सिंबा' हवा असतो, सूनबाईंना 'कुकी' गोड वाटते, आजोबांच्या मते 'मोती'सारखे दुसरे नाव नाही, आणि दुकानातून जेवायला वर आलेले काका 'शेरू' म्हणून मोकळे होतात. दोन दिवसांत त्या वीतभर जिवाला चार नावे मिळतात आणि तो बिचारा एकाही नावाला मान वळवीत नाही.

हा प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखा खराच. परंतु आपण व्यापारी माणसे; थोडा हिशेब मांडून पाहू. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे. बारा वर्षे धरली आणि घरातील सर्वांनी मिळून दिवसाला वीसच हाका मारल्या असे मानले, तरी ८७,६०० वेळा तो एक शब्द आपल्या तोंडून जाणार आहे. घरातील कित्येक माणसांचीही नावे आपण इतक्या वेळा उच्चारीत नाही. जो शब्द एवढ्या वेळा वापरायचा, तो दुकानातील मालासारखा पारखून घ्यावयास नको काय?

पारखण्याच्या कसोट्या तीन आहेत. ते नाव पिल्लाच्या कानाला कळेल काय, आपल्या जिभेला शोभेल काय, आणि घराच्या मनाला पेलेल काय? नर पिल्लासाठी गोड नाव शोधणाऱ्या कुटुंबांनी या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने विचार केला, तर निवड सोपी होते आणि टिकतेही.

नाव आणि गुण

आपल्या परंपरेत नावाचा विचार फार खोलवर झालेला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. त्यांतील नामनिक्षेप म्हणजे गुणाची अपेक्षा न ठेवता केवळ व्यवहारासाठी दिलेली संज्ञा. एखाद्या मुलाचे नाव इंद्र ठेवले म्हणून त्याला देवलोकाचे राज्य मिळत नाही. हाक मारण्यापुरता तो इंद्र. त्याच न्यायाने 'वाघ्या' नावाचे पिल्लू फटाक्याच्या आवाजाने पलंगाखाली जाऊन बसले, तर त्यात नावाचा काही दोष नाही आणि पिल्लाचाही नाही.

हा विचार मनाशी ठेवला की एक ओझे उतरते. नाव भारदस्त असावे, शूर असावे, त्यातून काही पराक्रम सूचित व्हावा, हा आग्रह उरत नाही. नाव गोड असले, लाडके असले, किंचित हसू आणणारे असले तरी चालते. मात्र व्यवहारासाठी दिलेली संज्ञा व्यवहारात उपयोगी पडली पाहिजे, ही अट राहतेच. ज्या नावाने पिल्लू वळून पाहत नाही, ते नाव कितीही सुंदर असले तरी ते न वटलेल्या हुंडीसारखे आहे.

जुनी नावे काय सांगतात

कुत्र्यांना नावे ठेवण्याची प्रथा फार प्राचीन आहे आणि जुन्या नावांकडे पाहिले की आपल्या आजच्या वादाला थोडी शिस्त लागते. वैदिक वाङ्मयात यमाच्या दोन कुत्र्यांची नावे श्याम आणि शबल अशी येतात. श्याम म्हणजे काळा आणि शबल म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, आपल्या बोलीत कबरा. म्हणजे साक्षात यमाच्या दारीही नावे ठेवण्याची रीत आपल्या गल्लीतल्याच मुलांसारखी होती: काळा दिसला, काळू म्हटले. देवांच्या कुत्रीचे नाव सरमा. तिच्यावरूनच संस्कृतात कुत्र्याला सारमेय हा शब्द आला. उलट प्रवासही झालेला आहे. शुनक म्हणजे कुत्रा, आणि त्याच शब्दावरून ऋषिकुळाला शौनक हे नाव मिळाले. आज मुलाचे नाव 'शौनक' ठेवणाऱ्या घरांना याची कल्पना क्वचितच असते.

ग्रीस देशात सुमारे २,४०० वर्षांपूर्वी झेनोफन नावाचा लेखक होऊन गेला. त्याने शिकारी कुत्र्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात सत्तेचाळीस नावांची यादी दिली आहे. शिकार हा विषय आपल्याला रुचणारा नाही. पण त्याने सांगितलेला नियम मात्र घेण्यासारखा आहे. नाव आखूड असावे, म्हणजे हाक मारणे सोपे जाते. त्याच्या यादीतील नावे बहुधा दोन अक्षरांत संपणारी आहेत.

जपानमधील हाचिको या कुत्र्याची कथा अनेकांनी ऐकली असेल. तो १९२३ मध्ये जन्मला. टोकियो येथील प्राध्यापक उएनो हे त्याचे धनी. ते १९२५ मध्ये अकस्मात वारले. परंतु हा कुत्रा १९३५ मध्ये मरेपर्यंत शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहत येत राहिला. त्याच्या नावाचा अर्थ काय? 'हाचि' म्हणजे केवळ 'आठ'. शेवटचा 'को' हा पुढे जिव्हाळ्याने जोडलेला प्रत्यय. एक साधा आकडा! त्या आकड्याला जो अर्थ आला, तो त्या मुक्या प्राण्याच्या निष्ठेने आणला. नाव मोठे असावे लागत नाही. ते त्याच्या वागण्याने आणि आपल्या मायेने मोठे होते.

आपल्या महाराष्ट्राची परंपराही अशीच साधी आहे. मोती, राजा, काळू, खंड्या, वाघ्या, लाल्या, शेरू ही खेड्यापाड्यांतील नावे. इंग्रजी अमदानीत त्यांत टॉमी, टायगर, जिमी, जॅकी यांची भर पडली. पुढे चित्रपटांनी नावे दिली. १९८५ च्या 'तेरी मेहरबानियाँ'ने मोती हे नाव पुन्हा घरोघरी नेले, तर १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मुळे पांढऱ्याशुभ्र केसाळ पिल्लांचे 'टफी' झाले. आता ब्रुनो, लिओ, मॅक्स, ऑस्कर यांचे दिवस आहेत. काळ बदलला, भाषा बदलली. पण लक्षपूर्वक पाहिले तर एक गोष्ट बदललेली नाही. ही सारी नावे दोन-तीन अक्षरांची आहेत. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने माणसाने हाच धडा घेतलेला दिसतो.

पहिली कसोटी: कान

या अनुभवाला आता शास्त्राचाही आधार मिळत आहे. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याच्या कानाला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचा. म्हणजे उंच पट्टीतील बारीक आवाज तो आपल्यापेक्षा फार चांगला टिपतो. म्हणून नावात क, च, ट, प यांसारखे एखादे कठोर व्यंजन असावे आणि शेवटी ओढून म्हणता येईल असा स्वर असावा. 'चिकू', 'पेढा', 'मोती' ही नावे या दृष्टीने उत्तम. 'चिकूऽऽ' अशी साद गच्चीवरून खालच्या चौकापर्यंत पोहोचते. 'हर्षवर्धन' पोहोचत नाही.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजूबाजूला माणसांच्या बोलण्याचा गलबला चालू असताना कुत्र्याला स्वतःचे नाव ओळखता येते काय, हे त्यांनी तपासले. गलबल्याचा आवाज हाकेइतका असला तरी कुत्र्यांनी आपले नाव ओळखले. तो हाकेपेक्षा मोठा झाला, तेव्हा मात्र त्यांना ते जमले नाही. पेठेत राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. खाली दुकान, वर घर, दारात टेम्पोतून माल उतरतो आहे, हमालांची हाकाटी चालू आहे, गाड्यांचे भोंगे वाजत आहेत, अशा ठिकाणी पिल्लू जिन्यावरून सुटून रस्त्याकडे धावले, तर त्याला परत आणणारी एकच वस्तू आपल्यापाशी असते: त्याचे नाव. त्या क्षणी ते नाव स्पष्ट, आखूड आणि इतर शब्दांहून वेगळे असेल तर जीव वाचतो. नावाची निवड केवळ हौसेची बाब नाही, ती अशी.

'इतर शब्दांहून वेगळे' या अटीकडे मराठी घरांनी विशेष लक्ष द्यावे. पिल्लाला शिकवण्याची आपली भाषा ठरलेली असते: ये, बस, थांब, सोड, नको, चल. आता पाहा, 'कोको' हे नाव फार गोड; पण 'नको'च्या ते किती जवळचे! 'बस्टर'ची सुरुवातच 'बस'ने होते. 'सोडा' हे नाव अलीकडे लोकप्रिय आहे. तोंडातली चप्पल सोडावी म्हणून आपण 'सोड' म्हणणार, आणि त्याला वाटणार लाडाने बोलावीत आहेत. ज्या घरांत इंग्रजीत 'नो' म्हणण्याची सवय आहे, तेथे 'नोवा' किंवा 'निमो' गोंधळ करील. नाव पक्के करण्यापूर्वी या पाच-सहा आज्ञा आणि ते नाव एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहावे. आपल्याच कानाला फरक पुसट वाटला, तर पिल्लाकडून अपेक्षा कशी करावी?

तीच गोष्ट घरातील नावांची. एकत्र कुटुंबांत सोनू, मोनू, चिंटू, बंटी, पिंकी यांची कमतरता नसते. घरात 'मोनू' असताना पिल्लाचे 'मोती' ठेवले, तर दोघेही धावत येतील किंवा दोघेही येणार नाहीत. बाजारपेठेचाही विचार करावा. 'शेठ' हे नाव गमतीचे वाटते खरे. पण सकाळी भर पेठेत कोणी 'शेठ, इकडे ये' अशी हाक दिली, तर दोन्ही बाजूंच्या गाद्यांवरील निम्मी मंडळी उठून उभी राहतील.

दुसरी कसोटी: जीभ

भाषासमितीचा संस्कार असलेल्या घरात कोणता शब्द रोज जिभेवर खेळवायचा, याला महत्त्व असणारच. 'किलर', 'बुलेट', 'शिकारी', 'हिटलर' अशी नावे अलीकडे हौसेने ठेवली जातात. नामनिक्षेपाच्या दृष्टीने ती पोकळ आहेत हे मान्य. पण ऐकणाऱ्याचे काय? दारात आलेल्या पाहुण्याने 'किलर' हे नाव ऐकले की तो दोन पावले मागे सरतो, अंग चोरतो. पिल्लू माणसाचे हे बिचकणे चटकन टिपते आणि तेही बिचकते. उलट 'लाडू' असे नाव ऐकले की अनोळखी माणूसही हसून वाकतो, हात पुढे करतो. तेच पिल्लू, तोच दरवाजा. केवळ एका शब्दाने त्याच्या वाट्याला येणारे जग बदलते. पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लाला माणसांचा जसा अनुभव येतो, तसा त्याचा स्वभाव घडत जातो. म्हणून हा फरक क्षुल्लक समजू नये.

दुसऱ्या टोकाला पूज्य नावे आहेत. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात बालकाच्या नामकर्म-क्रियेचे वर्णन आहे. जिनेंद्रांच्या एक हजार आठ नावांतून घटपत्रविधीने, म्हणजे घटातील चिठ्ठी काढून, शुभ नाव घ्यावे असे तेथे सांगितले आहे. ती नावे आपल्या मुलांची, आपल्या आराध्यांची. प्रेमापोटी का होईना, पण वीर, पार्श्व, नेमी, अर्हम् अशी नावे पिल्लाला देण्याचा मोह टाळावा. येथे पिल्लाला कमी लेखण्याचा हेतू नाही. तोही संज्ञी पंचेंद्रिय जीव आहे. नामकर्माने त्याला तिर्यंचाचा देह मिळाला, आपल्याला मनुष्याचा, एवढाच भेद. प्रश्न आपल्या जिभेचा आहे. ज्या नावाने सकाळी मंदिरात हात जोडायचे, तेच नाव दुपारी गादी ओली केली म्हणून रागाने उच्चारले जाणार. ती आशातना आपल्या हातून का घडावी? इतर धर्मांच्या पूज्य नावांनाही हाच नियम लावावा. शेजाऱ्याच्या श्रद्धेला धक्का लागेल असे नाव आपल्या घरात नसावे.

आणखी एक दुर्गुण बाजारात कधी कधी दिसतो. ज्याच्याशी स्पर्धा आहे किंवा ज्याने उधारी बुडवली आहे, अशा माणसाचे नाव कुत्र्याला ठेवून मनातला राग काढायचा. हसू चार दिवस येते. पुढची बारा वर्षे मात्र तो राग रोज वीस वेळा ताजा होत राहतो. क्षमापनेच्या दिवशी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचे आणि घरी येऊन त्याच माणसाच्या नावाने कुत्र्याला हाकलायचे, ही विसंगती आपल्याला शोभत नाही. त्यात निरपराध पिल्लाचाही अपमान आहेच.

गोड नावांचे कोठार

मग गोड नावे शोधावीत कोठे? फार दूर जाण्याची गरज नाही. आपले दुकान आणि आपले स्वयंपाकघर हीच नावांची कोठारे आहेत. मराठीची एक खुबी अशी की वस्तूंच्या नावांनाही लिंग असते. नर पिल्लाला 'रेवडी', 'चारोळी' किंवा 'पावली' म्हटले तर पुढचे प्रत्येक वाक्य अडखळते. 'रेवडी आला' असे कोण म्हणणार? परंतु 'लाडू आला', 'पेढा झोपला', 'काजू रुसला' ही वाक्ये कशी सहज येतात. म्हणून नर पिल्लासाठी पुल्लिंगी शब्द शोधावेत.

किराणा आणि सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्याला काजू, मखाणा, फुटाणा, बदाम ही नावे हाताशीच आहेत. मिठाईवाल्यांना लाडू, पेढा, बत्तासा. सराफाला मोती, हिरा. जुन्या हिशेबाची आठवण जपणाऱ्या आजोबांना 'आणा' हे दोन अक्षरांचे नाव आवडावे. मात्र पाणी आणा, चहा आणा, असे घरात दिवसभर चालत असेल तर ते बाद समजावे. रंगावरून नाव ठेवायचे तर काळू आणि भुऱ्या आहेतच. तांबूस पिल्लाला 'गेरू', पांढऱ्याला 'कापूस'. हाचिकोच्या धन्यासारखा आकडाच घ्यायचा तर 'सव्वा' हे नाव पाहा. शुभकार्याची देणगी आपण सव्वाने देतो, उच्चार आखूड आणि शेवटचा स्वर मोकळा. मराठीत नर पिल्लाच्या लाडाचे दोन प्रत्ययही तयार आहेत. 'ऊ' लावला की काळू, बाळू. 'या' लावला की खंड्या, लाल्या. पहिल्यात माया अधिक, दुसऱ्यात सलगी अधिक.

खाण्याच्या नावांत एक गंमत सांभाळावी लागते. बटाट्या, गाजर, कांदा ही नावे मुलांना फार भावतात. पण कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात आजी विचारतील, 'ज्याला चुलीपाशी येऊ दिले नाही, त्याला दिवाणखान्यातून हाका मारायच्या काय?' येथे नातवंडांनी माघार घ्यावी हे बरे. या निमित्ताने एक उपयुक्त गोष्ट सांगून ठेवतो. कांदा आणि लसूण कुत्र्यांना अपायकारक आहेत, म्हणजे त्या बाबतीत आपले स्वयंपाकघर त्यांच्यासाठी सुरक्षितच. परंतु द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतात, चॉकलेटही तसेच. पिल्लाचे नाव 'बेदाणा' खुशाल ठेवावे. बेदाणा त्याला खाऊ मात्र घालू नये. सुक्या मेव्याची पोती दुकानात उघडी राहत असतील, तर हे विशेष लक्षात ठेवावे.

आकाराचाही विचार करावा. आठ आठवड्यांचे लॅब्राडोर पिल्लू मांडीवर मावते. पण तोच नर पुरा वाढला की सुमारे तीस किलोचा होतो. तेव्हा 'छोटू', 'पिल्लू', 'बाळ' ही नावे विनोदी वाटतील. विनोद चालत असेल तर ठेवावीत. नाहीतर असे नाव घ्यावे, जे मांडीवरही शोभेल आणि म्हातारपणी उंबऱ्यावर पडून राहिलेल्या कुत्र्यालाही शोभेल.

तिसरी कसोटी: घराचे मन

कान आणि जीभ यांच्या कसोट्यांना उतरलेली पाच-सहा नावे उरली की शेवटचा निर्णय घराने मिळून घ्यावा. पुष्कळदा असे होते की मुले एक नाव ठेवतात, आजी तिला जमेल तसे दुसरेच म्हणते, आणि दुकानातील माणसे तिसरे. 'ऑस्कर'चा 'हस्कर' होतो, 'ब्रुनो'चा 'बुरणू'. पिल्लाच्या दृष्टीने हे तीन निरनिराळे आवाज आहेत. म्हणून घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला आणि सर्वांत लहान मुलाला जे नाव नीट उच्चारता येते, तेच नाव योग्य. या दोघांना पंच नेमावे.

तरीही एकमत झाले नाही तर घटपत्राची युक्ती उसनी घ्यावी. ती सोहळ्याची क्रिया म्हणून येथे करावयाची नाही. केवळ तंटा मिटवण्याची सोय म्हणून. सर्वांना मान्य असलेल्या पाच नावांच्या चिठ्ठ्या एका तांब्यात टाकाव्यात आणि धाकट्याने एक उचलावी. निघालेले नाव सर्वांनी हसत स्वीकारावे. हरलेल्यांना पिल्लाचा पहिला फेरफटका घडवून आणण्याचा मान द्यावा. रुसवे तेथेच संपतात.

नाव शिकवावे कसे, जपावे कसे

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान दोन्ही मिटलेले असतात. डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात आणि त्याच सुमारास कानही खुले होऊ लागतात. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत त्याने आईजवळच राहावे. त्यापूर्वी पिल्लाची विक्री करण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. म्हणजे नाव शिकवण्याचा आरंभ घरी आल्यावर, आठ आठवड्यांनंतर.

रीत सोपी आहे. घर शांत असताना पिल्लाजवळ बसावे. नाव एकदाच, आनंदी आणि थोड्या उंच स्वरात उच्चारावे. त्याने पाहिले की लगेच शाबासकी द्यावी आणि पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यावा. दोन-तीन मिनिटे हा खेळ, दिवसातून चार-पाच वेळा, पुरे. नाव दहा वेळा घोकू नये. अकराव्या हाकेला पाहायचे असते, असे ते शिकते. हंगेरीतील बुडापेस्ट येथे २०१६ मध्ये कुत्र्यांच्या मेंदूवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा स्वर दोन्ही एकत्र आले, तरच त्यांच्या मेंदूतील आनंदाचे केंद्र जागे होते. नुसता शब्द पुरत नाही आणि नुसता सूरही पुरत नाही. गोड नाव रागाच्या सुरात उच्चारले तर ते गोड राहत नाही, हे प्रयोगशाळेतही दिसून आले म्हणावयाचे.

यातून सर्वांत मोठा नियम निघतो: रागवायचे असेल तर नाव घेऊ नये. चप्पल कुरतडली, 'नको' म्हणावे. गादी खराब केली, उचलून बाहेर न्यावे. पण 'लाडूऽ!' अशी डरकाळी फोडू नये. औषध पाजायचे, आंघोळ घालायची, इंजेक्शनला न्यायचे, अशा वेळी नावाने बोलावण्याऐवजी आपण स्वतः उठून जवळ जावे. नाव म्हणजे ठेव. गोड हाकेने ती वाढते, रागाच्या हाकेने खर्ची पडते. ज्या दिवशी तो रस्त्याच्या मधोमध उभा असेल आणि समोरून गाडी येत असेल, त्या दिवशी या ठेवीतील एकच रक्कम काढायची असते. तेव्हा खाते रिकामे नसावे.

नाव ठेवणे म्हणजे होकार देणे

शेवटी आजींच्या मनातला प्रश्न उरतोच: याला सांभाळणार कोण? नाव ठेवण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू आणायचे, आठ महिन्यांनी मोठे झाले, भुंकू लागले, यात्रेला जाताना अडचण होऊ लागली, म्हणून गावाबाहेर सोडून यायचे, असे प्रकार घडतात हे आपण जाणतो. हाकेला ओ देण्यास शिकलेला कुत्रा त्या अनोळखी रस्त्यावर किती दिवस त्या एका शब्दाची वाट पाहत असेल, याची कल्पनाही करवत नाही. ज्याला नाव दिले, त्याला पुन्हा निनावी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून आधी बारा वर्षांचा होकार, मग नाव. रोज फिरवणार कोण, चातुर्मासात आणि प्रवासात पाहणार कोण, लसीकरणाचा खर्च कोणत्या खात्यावर, हे आधी ठरवावे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची लस द्यावी आणि लसीकरणाच्या पुस्तिकेत त्याचे नाव नीट लिहून घ्यावे. महापालिकेचा परवाना लागत असेल तर तोही काढावा. गळपट्ट्यावर नाव आणि आपला दूरध्वनी क्रमांक असावा. हरवलेला 'कोणाचा तरी कुत्रा' परत मिळणे कठीण. हरवलेला 'पेढा' परत मिळतो.

वादीभसिंहांच्या 'क्षत्रचूडामणि' या काव्यात जीवंधरकुमाराची कथा आहे. माणसांनी मारून अर्धमेला केलेला एक कुत्रा त्याला वाटेत दिसतो. त्याला वाचवणे शक्य नाही हे पाहून जीवंधर त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगतो. तो जीव शांत मनाने देह सोडतो, सुदर्शन नावाचा यक्ष होतो आणि पुढे जीवंधराच्या संकटात धावून येतो. पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेलेल्या या कथेत एक साधी गोष्ट आहे. त्या कुत्र्याच्या कानी जन्मभर कोणाचा प्रेमाचा शब्द आला असेल किंवा नसेल. शेवटी एकाने वाकून आला. आपल्या दारी आलेल्या पिल्लाला तो शब्द शेवटी नव्हे, पहिल्याच दिवसापासून मिळू शकतो. मग तो 'मोती' असो, 'लाडू' असो की 'सव्वा'. तो मायेने उच्चारा, सगळ्यांनी सारखाच उच्चारा, आणि तो शेवटचा म्हातारा होईपर्यंत तसाच उच्चारीत राहा.